विश्लेषण : स्पोर्ट्स कार्डचे ‘पॅरलल’ आणि ‘इन्सर्ट’ संच पूर्ण करणे इतके कठीण का? शेवटचे कार्डच सर्वांत महाग का पडते?

मार्च २०२५ मध्ये पॉल स्कीन्स या बेसबॉलपटूचे एक कार्ड ११ लाख १० हजार डॉलरना विकले गेले. लॉस एंजेलिस परिसरातल्या ११ वर्षांच्या मुलाला ते पाकिटात मिळाले होते. जगात एकच प्रत असलेल्या या कार्डाच्या बदल्यात पिट्सबर्ग पायरेट्स या संघाने ३० वर्षांची हंगामी तिकिटे देऊ केली होती, ती त्या कुटुंबाने नाकारली. अशा बातम्या जगभर फिरतात आणि कार्ड जमवणे म्हणजे लॉटरी असा समज होतो. पण या छंदात दुसरी एक जमात आहे. तिला एक महागडे कार्ड नको असते, तर एका मालिकेतली सगळी कार्डे हवी असतात, पहिल्यापासून शेवटपर्यंत, एकही न सोडता. आणि मूळ साध्या संचाऐवजी त्याच्या दुर्मीळ आवृत्तीची. अमेरिकेत तीसेक वर्षे रुजलेला हा प्रकार नेमका काय आहे, त्यामागचे गणित काय आणि त्यात पैसे कुठे जातात, याचा हा आढावा.

मूळ संच, पॅरलल, इन्सर्ट… फरक काय?

एखादी कंपनी हंगामासाठी ३०० खेळाडूंची ३०० कार्डे छापते. प्रत्येकाच्या मागे क्रमांक असतो. हा झाला मूळ संच, इंग्रजीतला ‘बेस सेट’. पाकिटे फोडत गेले, मित्रांशी अदलाबदल केली की तो पूर्ण होतो. नाहीच झाला तर थोड्या पैशांत तयार संचही मिळतो.

‘पॅरलल’ म्हणजे तेच कार्ड, तोच फोटो, तोच क्रमांक, पण वेगळ्या रूपात. कडा सोनेरी, पृष्ठभाग चमकता किंवा रंग निराळा, आणि छपाई खूप कमी. मूळ संचात ३०० कार्डे असतील तर सोनेरी पॅरललचीही साधारण ३०० असतात. म्हणजे एका संचाच्या सावलीत दुसरा संच उभा असतो.

‘इन्सर्ट’ म्हणजे पाकिटात मधूनच सापडणारे वेगळ्याच रचनेचे कार्ड. त्याची मालिका स्वतंत्र, नाव स्वतंत्र, क्रमांक स्वतंत्र. बहुधा १०, १५, २० तारांकित खेळाडूंचीच असते. ‘कबूम!’ हे पॅनिनीचे कॉमिक पुस्तकासारखे रंगीत इन्सर्ट २०१३-१४ च्या बास्केटबॉल मालिकेत पहिल्यांदा आले आणि नंतर वर्षानुवर्षे येत राहिले. अशी एकाच नावाची मालिका अनेक वर्षे चालली की तिला ‘रन’ म्हणतात. एखाद्या दिवाळी अंकाचे पहिल्या वर्षापासूनचे सगळे अंक जमवणारे वाचक आपल्याकडे आहेत. जुन्या पुस्तकांच्या दुकानात एकच वर्ष अडलेले असते आणि माणूस दहा-दहा वर्षे त्यासाठी फिरतो. कार्डवाल्यांचे ‘रन’ हे तसलेच वेड.

हे सुरू कधी झाले?

कार्ड जमवणे जुने आहे. अमेरिकन टोबॅको कंपनीने १९०९ ते १९११ या काळात सिगारेटच्या पाकिटात बेसबॉलपटूंची छोटी रंगीत कार्डे घातली. त्या मालिकेला आज ‘टी-२०६’ म्हणतात आणि हे नाव कंपनीने दिलेले नाही. न्यूयॉर्क राज्यातल्या सिरॅक्यूज इथे कारखान्यात काम करणाऱ्या जेफरसन बर्डिक यांनी अमेरिकेतल्या छापील कार्डांची वर्गवारी केली, त्यात विसाव्या शतकातल्या तंबाखू कार्डांसाठी ‘टी’ हे अक्षर ठरवले. जमवलेली तीन लाखांहून अधिक कार्डे आणि छापील कागद त्यांनी न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमला दिले. संधिवाताने बोटे आखडत असताना ते म्युझियममध्ये बसून एकेक कार्ड वहीत चिकटवत राहिले. हे काम जानेवारी १९६३ मध्ये संपले आणि मार्चमध्ये ते गेले. त्या संग्रहात बेसबॉलची ३० हजारांहून अधिक कार्डे आहेत.

टी-२०६ मध्ये आजच्या पॅरललचे बीज सापडते. पुढचे चित्र तेच, पण मागे वेगवेगळ्या सिगारेटच्या जाहिराती. पीडमाँट आणि स्वीट कॅपोरल ढिगाने मिळतात, काही छाप मात्र फारच विरळ. कंपनीला यातून संग्राहकाला झुलवायचे नव्हते, तिला फक्त सिगारेट विकायच्या होत्या. मुद्दाम ठरवून दुर्मीळता छापण्याची कल्पना पुढे ऐंशी वर्षांनी आली.

मधल्या काळात टॉप्स कंपनीचा १९५२ चा ४०७ कार्डांचा संच आला. त्यातली शेवटची कार्डे विकली गेली नाहीत आणि १९६० मध्ये उरलेला माल अटलांटिक समुद्रात नेऊन टाकला गेला, ही कथा त्या संचाचे शिल्पकार साय बर्जर स्वतः सांगत. बुडालेल्या कार्डांत ३११ क्रमांकाचा मिकी मँटल होता. त्याची एक उत्तम प्रत ऑगस्ट २०२२ मध्ये १ कोटी २६ लाख डॉलरना गेली.

अशा किमतींच्या बातम्या वाचून १९८० च्या दशकात लोकांनी कार्डे गुंतवणूक म्हणून घ्यायला सुरुवात केली. कंपन्यांनीही वाट्टेल तेवढी छापली. जे सगळ्यांनी जपून ठेवले त्याला भाव कसा येणार? त्या काळातली कार्डे आजही खोक्यांनी पडून आहेत. मग ग्राहक टिकवायचा तर पाकिटात काहीतरी खरोखर दुर्मीळ हवे. १९९० मध्ये अपर डेक कंपनीने रेगी जॅक्सन याने स्वतः सही केलेली २,५०० कार्डे पाकिटांत मिसळली. १९९१ मध्ये डॉनरस कंपनीच्या ‘एलिट’ इन्सर्टवर प्रत्येक प्रतीचा अनुक्रमांक छापला गेला, एका कार्डाच्या १०,००० प्रती. आज १०,००० ऐकून संग्राहक हसतील, तेव्हा ती कमालीची दुर्मीळता होती.

१९९२ चे ‘टॉप्स गोल्ड’ हे पॅरलल वाचकांना दोन कारणांनी माहीत हवे. मूळ ७९२ कार्डांच्या संचात सहा कार्डे नुसत्या याद्यांची होती. सोनेरी यादी कोणाला हवी, म्हणून त्या सहा जागी कंपनीने सहा वेगळे खेळाडू घातले. म्हणजे पॅरलल असूनही सहा कार्डे अशी, ज्यांचे मूळ रूपच नाही. दुसरे असे की, खरवडण्याची कार्डे पाठवून ‘गोल्ड विनर’ नावाचा आणखी एक प्रकार जिंकता येत होता. ती कार्डे उजेडासमोर धरली की आतले उत्तर दिसते हे लोकांच्या लक्षात आले आणि ‘विनर’चा पूर आला. दुर्मीळता छापता येते, पण ती टिकवायला छपाईखान्याला डोके लागते.

१९९३ चे ‘रिफ्रॅक्टर’ आणि २१ हजार पाकिटे

ज्या पॅरललमुळे हा छंद बदलला ते म्हणजे १९९३ च्या ‘टॉप्स फाइनेस्ट’ बेसबॉल संचातले रिफ्रॅक्टर. संच १९९ कार्डांचा. साधे कार्डही चकचकीत होते, पण रिफ्रॅक्टर तिरके धरले की सप्तरंगी झाक उठते. पाकिटावर प्रमाण होते १८ पाकिटांत एक. एका पेटीत पाकिटे १८, म्हणजे पेटीमागे सरासरी एक रिफ्रॅक्टर. उत्पादनाच्या आकड्यावरून हिशेब केला की प्रत्येक खेळाडूच्या सुमारे २४१ प्रती निघतात आणि हाच आकडा छंदात रूढ आहे. कार्डावर तो छापलेला नाही. मागे ‘रिफ्रॅक्टर’ असा शब्दही नाही. ओळखायचे ते हातात घेऊन, हलवून.

आता समजा एखाद्याने ठरवले की बाजारातून सुटे कार्ड घ्यायचे नाही, अदलाबदलही करायची नाही, फक्त पाकिटे फोडून १९९ रिफ्रॅक्टर जमवायचे. किती पाकिटे लागतील? वरवर वाटते, १९९ गुणिले १८ म्हणजे ३,५८२. अभियांत्रिकीच्या संभाव्यतेच्या पेपरात हा प्रश्न ‘कूपन कलेक्टर’ या नावाने येतो आणि त्याचे उत्तर भलतेच निघते.

पहिला रिफ्रॅक्टर नवाच असणार. दुसराही जवळपास नक्की नवा. पण संच भरत जातो तसे मिळणारे कार्ड आधीच घरात असण्याची शक्यता वाढते. १९८ कार्डे झाली आणि एकच उरले, तर प्रत्येक नव्या रिफ्रॅक्टरमध्ये ते एक निघण्याची शक्यता १९९ मध्ये एक. सरासरीने त्या एका कार्डासाठी आणखी १९९ रिफ्रॅक्टर काढावे लागतील, म्हणजे ३,५८२ पाकिटे फक्त शेवटच्या कार्डापायी. सगळ्या टप्प्यांची बेरीज केली तर सरासरी १,१६९ रिफ्रॅक्टर, अर्थात सुमारे २१ हजार पाकिटे लागतात. एकूण उत्पादनाच्या अंदाजाशी ताडले तर एकट्या माणसाने त्या वर्षीच्या मालाचे जवळपास अडीच टक्के फोडायचे.

या १,१६९ ची विभागणी आणखी बोलकी आहे. पहिली १०० वेगवेगळी कार्डे साधारण १३८ रिफ्रॅक्टरमध्ये हाती येतात. उरलेल्या ९९ साठी हजाराहून अधिक लागतात. अर्धा संच झाला की संग्राहकाला आपण अर्ध्या वाटेवर आहोत असे वाटते. प्रत्यक्षात तो वाटेच्या आठव्या भागाच्या आसपास असतो. अल्बम अर्धा भरून सोडून दिलेली माणसे एवढी का सापडतात, याचे कारण या आकड्यात आहे.

हे गणित माणसाने एकट्याने खेळायचे ठरवले तरचे. दोघांनी मिळून दोन संच करायचे ठरवले, तर दोघांना मिळून दुप्पट नाही, सुमारे १,६०० रिफ्रॅक्टर पुरतात. माणशी ८००. माणसे वाढत जातील तसा माणशी आकडा खाली येत जातो. म्हणून अदलाबदल हा या छंदातला नुसता गप्पांचा भाग नव्हे, तिच्याशिवाय संच होतच नाही. आणि हे सगळे प्रत्येक कार्ड सारख्याच संख्येने छापले गेले असे धरून. काही खेळाडूंचे रिफ्रॅक्टर इतरांपेक्षा कमी दिसतात, अशी शंका संग्राहकांना वर्षानुवर्षे आहे. ती खरी असेल तर वरचा आकडा आणखी फुगतो.

अनुक्रमांक आला की काय बदलते?

रिफ्रॅक्टरच्या बाबतीत किमान अंदाज होता. पुढे कंपन्यांनी एकूण प्रती कार्डावरच छापल्या आणि खेळाचे स्वरूप पालटले. १९९७-९८ च्या ‘मेटल युनिव्हर्स’ बास्केटबॉल मालिकेतले ‘प्रेशस मेटल जेम्स’ हे त्याचे सर्वांत गाजलेले उदाहरण. १२३ खेळाडू, प्रत्येकाच्या फक्त १०० प्रती. त्यातल्या पहिल्या दहा हिरव्या, उरलेल्या नव्वद लाल.

इथे पाकिटे किती फोडायची हा प्रश्न मागे पडतो. हिरवे संच जगात जास्तीत जास्त दहाच होऊ शकतात. प्रत्यक्षात दहाही नाहीत. संचांची संख्या ठरते ती सर्वांत कमी उपलब्ध असलेल्या कार्डावरून. १२२ खेळाडूंची दहाही कार्डे बाजारात असली आणि एका खेळाडूची सात कार्डे हरवली, खराब झाली किंवा कोणी तिजोरीत ठेवली, की संच होणार तीनच. साखळीची ताकद तिच्या कच्च्या कडीएवढी, तसा हा प्रकार.

ती तिजोरीत ठेवणारी माणसे कोण? बहुतेकदा एका खेळाडूचे चाहते. मायकेल जॉर्डनचा संग्राहक जॉर्डनची कार्डे घेतो आणि विकत नाही. त्याला इतर १२२ जणांशी देणेघेणे नाही. संच करणाऱ्याला मात्र जॉर्डनशिवाय पुढे जाता येत नाही. एका कार्डासाठी दोन वेगळ्या वेडांची माणसे समोरासमोर येतात आणि भाव त्या भांडणात ठरतो.

पण अनुभवी मंडळी सांगतात ती अडचण उलटीच आहे. जॉर्डन महाग असला तरी तो लिलावात दिसतो, त्याची बातमी होते, तो शोधता येतो. खरा घाम काढतो तो बाकावर बसणारा, दोन हंगाम खेळून विस्मरणात गेलेला खेळाडू. त्याचे कार्ड ज्याच्याकडे आहे त्याला ते विकण्याजोगे आहे हेच ठाऊक नसते. ते कुठल्यातरी माळ्यावर, बुटांच्या खोक्यात पडलेले असते. त्याला चाहता नाही, त्यामुळे त्याला शोधणारेही फक्त संच करणारे चार-सहा जण, आणि ते चारही जण एकाच वेळी त्याच यादीवर नजर ठेवून असतात. सामान्य खेळाडूच्या कार्डाला अचानक कल्पनेपलीकडचा भाव आला की समजावे, दोन संच एकाच कार्डावर अडले होते.

‘रेनबो’ म्हणजे आडवा संच

काही जण उभ्याऐवजी आडवा संच करतात. म्हणजे एकच खेळाडू, एकच वर्ष, एकच कार्ड, पण त्याचे सगळे रंग. याला ‘रेनबो’ म्हणतात. टॉप्स क्रोमच्या अलीकडच्या मालिकांत हिरव्या ९९, सोनेरी ५०, केशरी २५, लाल ५ आणि शेवटी ‘सुपरफ्रॅक्टर’ची एकच प्रत अशी उतरंड असते. एकच प्रत म्हटल्यावर त्या खेळाडूचा पूर्ण रेनबो जगात एकाच माणसाकडे असू शकतो, हे उघड आहे. शिवाय छपाईच्या चार धातूच्या पट्ट्या, निळसर, किरमिजी, पिवळी आणि काळी, याही कंपन्या पाकिटांत घालतात. त्याही प्रत्येकी एक. त्या धरल्या तर एकमेव असलेल्या पाच वस्तू एका हातात यायला हव्यात.

खेळाडू गाजला तर हा हट्ट परवडत नाही. माइक ट्राउट याच्या २००९ च्या सही केलेल्या सुपरफ्रॅक्टरला ऑगस्ट २०२० मध्ये ३९ लाख ३६ हजार डॉलर आले. म्हणून रेनबो करणारे शहाणे लोक दुय्यम खेळाडू निवडतात, आपल्या गावचा, आपल्या कॉलेजचा. तो पुढे मोठा झाला तर आनंद आणि अडचण दोन्ही.

‘पूर्ण’ कोण ठरवते?

सगळा खटाटोप पूर्णत्वासाठी, पण पूर्ण म्हणजे काय यावर एकमत नाही. टी-२०६ ची यादी ५२४ कार्डांची मानली जाते. त्यातला होनस वॅग्नर एवढा विरळ की त्याची एक प्रत ऑगस्ट २०२२ मध्ये ७२ लाख ५० हजार डॉलरना गेली. वॅग्नर, एडी प्लँक, नावात चूक झालेला शेरी मॅगी आणि संघाच्या नावात चूक झालेला जो डॉयल अशी चार कार्डे सोडून ५२० चा संच ‘पूर्ण’ मानण्याची प्रथा पडली. कोणी ठराव केला नाही, सामान्य संग्राहकाच्या आवाक्यात राहावे म्हणून ती रुळली. शुद्धतावादी अजूनही नाक मुरडतात. पण वॅग्नरशिवाय संच अपुरा म्हटले तर या मालिकेचे संग्राहक हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरतील, हेही खरे.

आधुनिक संचात वेगळाच घोळ आहे. खेळाडूने वेळेत सह्या करून दिल्या नाहीत की कंपनी पाकिटात बदली पावती घालते. ती पाठवली की नंतर कार्ड मिळते. पावतीची मुदत संपली, किंवा खेळाडूने सह्या केल्याच नाहीत, तर यादीत नाव असलेले कार्ड अस्तित्वातच येत नाही. असा संच जन्मतःच अपुरा असतो, आणि हे कळायला संग्राहकाची चार वर्षे जातात.

प्रत्येक कार्डाची अवस्था हा तिसरा मुद्दा. पीएसए ही १९९१ पासून कार्डांना दर्जा देणारी कंपनी सर्वोत्तम संचांची क्रमवारीही लावते. त्यामुळे संच झाला तरी स्पर्धा संपत नाही, आठ दर्जाचे कार्ड काढून नऊ दर्जाचे आणायचे. मात्र प्लास्टिकच्या डबीत बंद झाले म्हणजे सगळे निर्धोक असे नाही. पीएसएने दर्जा दिलेले अगदी पहिले कार्ड वॅग्नरचे होते. त्याच्या कडा आपण कापल्या होत्या, अशी कबुली एका लिलावदाराने २०१३ मध्ये न्यायालयात दिली. नव्वदच्या दशकातल्या क्रोम प्रकारच्या काही कार्डांवर काळाने हिरवट झाक येते, तर ‘मेटल जेम्स’च्या कडांचा रंग नखाने उडतो. एका संचात अर्धी कार्डे हिरवट, अर्धी स्वच्छ असली की ते खुपते.

हा जुगार नव्हे का?

हा प्रश्न अमेरिकेत न्यायालयापर्यंत गेला. पैसे भरणे, नशिबावर अवलंबणे आणि बक्षीस ही तीन अंगे एकत्र आली की जुगार, असा तिथला ढोबळ नियम. इन्सर्टची पाकिटे तिन्हीत बसतात, असे म्हणत १९९० च्या दशकात ग्राहकांनी अनेक कंपन्यांवर संघटित गुन्हेगारीविरोधी कायद्याखाली दावे लावले. २००२ मध्ये नवव्या फेरीच्या अपील न्यायालयाने फ्लीअर/स्कायबॉक्सविरुद्धच्या प्रकरणात ते टिकू दिले नाहीत. पाकीट घेणाऱ्याला ठरलेली कार्डे आणि दुर्मीळ कार्डाची संधी मिळालीच होती. हवे ते निघाले नाही ही निराशा म्हणजे मालमत्तेचे नुकसान नव्हे, असा तो युक्तिवाद. हा जुगार आहे की नाही, यावर शिक्कामोर्तब न होताच विषय मिटला. कंपन्या मात्र खबरदारी घेतात. पाकिटावर प्रमाण छापतात आणि ‘खरेदीची सक्ती नाही’ म्हणून टपालाने मोफत भाग घेण्याचा मार्ग ठेवतात.

संच करणाऱ्यांचा यावरचा पवित्रा गमतीचा आहे. त्यातले बरेचसे पाकिटे फोडतच नाहीत. वरचे गणित त्यांना तोंडपाठ असते, लघुगणकात नसेल पण खिशात असते. दुसऱ्यांनी फोडावे, तारे ठेवावेत आणि उरलेले स्वस्तात विकावे, ही त्यांची गरज. सध्या ऑनलाइन ‘ब्रेक’ जोरात आहेत. एक जण पेट्या थेट प्रक्षेपणात फोडतो, प्रेक्षक आपापला संघ आधी विकत घेतात. त्यातून उडणारा कचरा, म्हणजे अनोळखी खेळाडूंची रंगीत पॅरलल, हेच संच करणाऱ्याचे धान्य. गठ्ठ्याने अर्धा संच घ्यायचा, उरलेल्याची यादी करायची, ई-बेवर प्रत्येक नावाची सूचना लावून ठेवायची, विक्रेत्याने नाव चुकीचे लिहिले असेल तर त्या चुकीच्या नावानेही शोधायचे. एक डॉलरच्या कार्डाला चार डॉलर टपालखर्च पडू नये म्हणून एकाच विक्रेत्याकडून पंधरा-वीस कार्डे एकदम उचलायची. या कामाला चिकाटी हिशेबनीसाची लागते.

पैशांच्या बाजूने पाहिले तर पूर्ण पॅरलल संच विकताना सुट्या कार्डांच्या बेरजेपेक्षा जास्त मिळेलच, असे अजिबात नाही. अख्खा संच एकाच वेळी घेणारा ग्राहक विरळ. अनेक संच शेवटी फुटतात, तारे वेगळे जातात आणि ज्या बाकावरच्या खेळाडूसाठी सात वर्षे घालवली त्याला कोणी विचारत नाही. गुंतवणूक म्हणून यात उतरू पाहणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे.

भारतात याचे काय?

इथल्या एका पिढीला बबलगमसोबत येणारी क्रिकेटपटूंची चित्रे आठवतील. ‘बिग फन’च्या चित्रांवर धावा आणि बळी लिहिलेले असत, ते जमवून बक्षीस मिळवायचे. वेड तेच होते, अडलेले एक चित्रही तेच, फक्त अनुक्रमांक नव्हते. नंतर टॉप्सने आयपीएलच्या ‘क्रिकेट अटॅक्स’ मालिका आणल्या, त्यात चमकत्या फॉइलची विशेष कार्डे होती आणि ती शाळेच्या मधल्या सुट्टीत फिरत. पण अमेरिकेसारखा सुट्या कार्डांचा जाडजूड बाजार इथे उभा राहिला नाही. आणि वरचे गणितच सांगते की तो नसेल तर संच होत नाही. परदेशातून एकेक कार्ड मागवायचे तर टपाल आणि सीमाशुल्क कार्डाच्या किमतीवर मात करतात. त्यामुळे इथले हौशी लोक बहुधा अमेरिकेतल्या नातेवाइकाच्या पत्त्यावर माल साठवतात आणि सुट्टीत बॅगेतून आणवतात.

मालिका तुटल्या, आता पुढे?

संच करणाऱ्यांना सध्या सतावणारी गोष्ट परवान्यांची आहे. फनॅटिक्स कंपनीने जानेवारी २०२२ मध्ये टॉप्स विकत घेतली आणि मोठ्या लीगचे परवाने एकामागून एक आपल्याकडे वळवले. पॅनिनीने ऑगस्ट २०२३ मध्ये तिच्यावर मक्तेदारीविरोधी दावा लावला. एकच कंपनी उरली तर पॅरललचे रंग किती आणि प्रती किती हे ठरवताना तिला कोणाची भीती राहणार, ही संग्राहकांची चिंता रास्त आहे. २०१२-१३ मध्ये ‘प्रिझम’ बास्केटबॉल सुरू झाले तेव्हा पॅरलल मोजके होते, सोनेरीच्या प्रती दहा. पुढच्या वर्षांत रंग डझनांनी वाढले.

एनबीएची अधिकृत कार्डे २०२५-२६ च्या हंगामापासून टॉप्सकडे गेली आहेत. पॅनिनीच्या अधिकृत एनबीए प्रिझमचा ‘रन’ त्यामुळे २०१२-१३ ते २०२४-२५ असा १३ हंगामांवर थांबला. चंदेरी प्रिझमचा दरवर्षीचा संच करणाऱ्यांच्या यादीला आता पहिल्यांदाच शेवटची ओळ मिळाली आहे, आणि पहिल्या वर्षाच्या संचातल्या अनोळखी नावांचा शोध सुरू झाला आहे.